अँथनी जॉर्ज यांचा बर्क डेव्हलिन खरोखरच इतका वाईट होता का?

धागाकर्ता:
‘डार्क शॅडोज’ ही अमेरिकी भयमालिका (एबीसी, १९६६ ते १९७१) पाहणाऱ्यांत एक मत वेदवाक्यासारखे चालत आले आहे: जून १९६७ मध्ये मिचेल रायन यांच्या जागी अँथनी जॉर्ज आले आणि बर्क डेव्हलिन हे पात्र संपले. ते भाग सलग पाहिल्यावर मला वाटते की बर्क आधीच संपलेला होता. जॉर्ज यांच्या वाट्याला केवळ त्याचा सूट आला.

रायन यांचा बर्क सूड घेण्यासाठी कॉलिन्सपोर्ट या आपल्या गावी परतला होता. रॉजर कॉलिन्सच्या अपराधापायी त्याने तुरुंग भोगला होता आणि बिल मॅलॉयच्या मृत्यूचे रहस्य त्याच्याच चांदीच्या फाउंटन पेनाभोवती फिरले. (ते पेन इतके आठवडे चालले की त्यातली शाई कशी संपली नाही, याचेच नवल वाटते.) पुढे रॉजरने कबुली दिली आणि एप्रिल १९६७ मध्ये रक्तपिपासू बार्नाबस कॉलिन्स शवपेटीतून बाहेर आला. बर्ककडे उरले काय? कॉलिन्स घराण्यातल्या शिक्षिका व्हिक्टोरियाशी लग्न ठरवणे आणि बार्नाबसवर संशय घेणे. तो संशय रास्त असूनही प्रेक्षक रक्तपिपासूच्या बाजूला गेले होते. अशा जागी उभ्या राहिलेल्या नटाचे कौतुक कोण करणार?

प्रतिसाद १:
संहिता पोकळ होती हे मान्य, परंतु पोकळ संहितेतही रायन यांनी धोका निर्माण केला असता. ते खोलीत शिरले की कोणीतरी मार खाणार असे वाटायचे. जॉर्ज मात्र ‘चेकमेट’ या त्यांच्या आधीच्या मालिकेतल्या नीटनेटक्या गुप्तहेरासारखे भासतात, संताप व्यक्त करतानाही त्यांची टाय हलत नाही. शिवाय नटबदल हेच अपयशाचे कारण असते, तर जेम्स हॉल यांच्यानंतर विली लूमिस झालेले जॉन कार्लेन इतके लाडके कसे झाले?

धागाकर्ता:
विलीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. हॉल यांचा विली थोडेच भाग दिसला, त्यामुळे तुलनेला फारसे काही नव्हते, आणि कार्लेन यांना लगेच बार्नाबसच्या भेदरलेल्या गुलामाची भूमिका मिळाली. जॉर्ज यांच्यासमोर वर्षभराची आठवण उभी होती आणि हातात काहीच नव्हते. रायन मद्यपानामुळे गेले, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. म्हणजे ही निवड जॉर्ज यांनी कोणावर लादलेली नव्हती.

प्रतिसाद २:
दोघेही जेरेमायाला विसरत आहात. ब्राझीलमधील विमान अपघातात बर्कला पडद्याआडच निकालात काढल्यावर, मालिका भूतकाळात गेली त्या १७९५ च्या कथानकात हेच जॉर्ज जेरेमाया कॉलिन्स झाले. अँजेलिक या चेटकिणीच्या चेटकामुळे पुतण्या बार्नाबसच्या वाग्दत्त वधूकडे ओढला जाणारा हा माणूस हातावरची त्रिशूळासारखी खूण पाहतो, तेव्हा जॉर्ज यांचा तोच आखडलेपणा एकदम अर्थपूर्ण होतो: सभ्य गृहस्थ स्वतःलाच आवरतो आहे आणि ते त्याला जमत नाही.

प्रतिसाद १:
जेरेमायाबद्दल मी आपला विरोध मागे घेतो. मात्र त्यामुळे बर्कविषयीची माझी तक्रार उलट वाढते, कारण त्यांना हे जमत होते हे आता सिद्ध झाले. व्हिक्टोरियासमोर उभे असताना त्यातले थोडेसे तरी त्यांनी खर्च करायला हवे होते.