वारंवार तोंड येतं, डोळा लाल होतो, एचएलए-बी५१ पॉझिटिव्ह: बेहसेट (रक्तवाहिन्या सुजवणारा आजार) धरायचा का?

कागलचा जीपी
पुरुष, वय ३१. वर्षात पाचेक वेळा तोंड आलं. घरच्यांनी ते तांबड्या रश्श्यावर आणि 'उष्णते'वर ढकललं. डोळा दुसऱ्यांदा लाल झालाय. चिपडं नाहीत, उजेड सोसत नाही, नजर धूसर. 'डोळे आलेत' म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब घालून झालेत. बी५१ (बेहसेटशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह आहे. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडच्या गोळ्या) सुरू करू का?

पडद्यामागचा
बी५१ बाजूला ठेवा. निरोगी माणसांतही तो सापडतो, आणि निगेटिव्ह आला म्हणून बेहसेट सुटत नाही.

आजच बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा (रेटिना) बघून घ्या. थेंबांनी पुढची लाली उतरते, मागे रक्तवाहिन्यांची सूज चालूच राहते. नजर जाते ती तिथं. फ्लुरोसिन अँजिओग्राफीत (रंग टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) नेच्याच्या पानासारखी गळती दिसली तर संशय पक्का होत जातो. हायपोपियॉन (डोळ्याच्या पुढच्या भागात साचलेला पू) असेल तर मान कलती करायला सांगा. बेहसेटमधला पू बऱ्याचदा जागा बदलतो, एचएलए-बी२७ मधला चिकट असतो, सहसा हलत नाही. कॉर्नियाच्या मागे मटण-फॅट डाग दिसले (कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको) तर बेहसेट मागे टाका. टीबी, सारकॉइड, व्हीकेएच (डोळ्यात अशीच सूज आणणारे इतर आजार) शोधा.

सांधेवाला, ताराबाई पार्क
गुणांचा घोळ इथंच होतो. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तोंडाला २, डोळ्याला २, म्हणजे ४ झाले, रुग्ण पास. १९९० च्या निकषांत तोंडाखेरीज आणखी दोन लक्षणं लागतात. याच्याकडे डोळा एकच, म्हणून नापास. मुळात हे निकष अभ्यासासाठी रुग्णांचं वर्गीकरण करायला केलेत. कुठल्याही युव्हिआयटिसला (डोळ्याच्या आतल्या सुजेला) साधं तोंड येणं जोडलं तरी चार भरतात.

म्हणून जननेंद्रियावरच्या जखमा विचारा, पण आई-बायकोला बाहेर बसवून. 'आत्ता काही नाही' म्हणाला तरी व्रण बघा. नडगीवरच्या दुखऱ्या गाठी, पिंडरीची सूज, थुंकीत रक्त, नवी डोकेदुखी हेही विचारा. पॅथर्जीसाठी (सुई टोचल्याजागी पुळी येते का, ही तपासणी) २० गेजची निर्जंतुक सुई हाताच्या आतल्या बाजूला तिरकी, सुमारे ५ मिमी. २४ ते ४८ तासांनी पुळी बघायची. निगेटिव्ह आली तरी निदान कटत नाही.

कागलचा जीपी
मांटू (टीबीची कातडीवरची चाचणी) निगेटिव्ह आहे. पण एका दवाखान्यात आधीच प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दहा दिवस दिलेल्या.

पडद्यामागचा
मग त्या मांटूवर भरवसा नको. स्टिरॉइडवर असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, इग्राही (टीबीची रक्तचाचणी) थोडी डळमळते. छातीचा सीटी करा, आणि सिफिलिससाठी व्हीडीआरएलसोबत टीपीएचए या रक्तचाचण्या. सिफिलिस कुठलंही सोंग घेतो. टीबी नीट वगळल्याशिवाय अडॅलिमुमॅबचा (प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) विषय काढू नका, दबलेला टीबी उसळतो. मात्र पडदा सुजलेला असेल तर सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो की मिरज, जिथं आजच रेटिना बघणारा भेटेल तिथं धाडा, आणि चिठ्ठीवर आधीच्या गोळ्यांचा डोस न विसरता लिहा.