सहा अणूंसाठी एवढी उठाठेव कशाला?

खडूस काका:
प्रयोगशाळेत बनवलेल्या ११७ व्या मूलद्रव्याची, टेनेसीनची जन्मकथा बघा. अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीत २५० दिवस न्यूट्रॉनांचा मारा करून २२ मिलिग्रॅम बर्केलियम (९७ वं मूलद्रव्य) काढलं. पुढचे ९० दिवस ते शुद्ध करण्यात गेले. मग विमानाने रशियात. कागदपत्रं अपुरी म्हणून कस्टमने पुडकं दोनदा परत धाडलं, आणि माल तर किरणोत्सर्गाने वर्षभरात निम्मा होणारा! शेवटी दुब्नाच्या अणुसंशोधन केंद्रात त्यावर कॅल्शियमच्या अणुकेंद्रांचा मारा केला, पदरात पडले सहा अणू. तेही क्षणात नाहीसे. मूलद्रव्यांच्या तक्त्यात एक चौकोन भरला, बास?

न्यूट्रॉनवाला:
असहमत. १९४४ साली अमेरिसियम बनवलं तेव्हाही हेच म्हणता आलं असतं. नंतर ते धुराच्या अलार्ममध्ये गेलं. त्याचे अल्फा कण हवेत आयन तयार करतात, बारीकसा प्रवाह वाहतो. धूर शिरला की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. कॅलिफोर्नियम-२५२ घ्या. एक मायक्रोग्रॅम सेकंदाला वीस लाखांहून जास्त न्यूट्रॉन सोडतो. अणुभट्टी सुरू करायला, तेलविहिरी तपासायला वापरतात.

खडूस काका:
अमेरिसियम-२४१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ४३२ वर्षं, कॅलिफोर्नियमचं अडीच वर्षांहून जास्त. ११८ व्या ओगानेसनचं एक मिलिसेकंदसुद्धा नाही. तुलना तरी धड करा. तुमची उदाहरणं ९८ व्या क्रमांकावरच संपली. आणि माणसाने बनवलेल्या मूलद्रव्यांच्या या यादीत प्लुटोनियमही येतं, म्हणजे नागासाकीही येतं.

रसायनी:
काकांचा मुद्दा रास्त आहे. शंभरीपुढच्यांचा व्यवहारात उपयोग नाही, हे सरळ सांगावं. स्मोक डिटेक्टर पुढे करून त्यांच्यासाठी पैसे मागणं मला तरी पटत नाही. पण प्रश्न वेगळाच आहे. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, मग अणुकेंद्र किती मोठं होऊ शकतं? गणित म्हणतं, ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनांच्या आसपास ‘स्थैर्याचं बेट’ असावं, म्हणजे तिथली अणुकेंद्रं शेजाऱ्यांपेक्षा जास्त टिकावीत. ११४ वं फ्लेरोवियम काही समस्थानिकांत (न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या रूपांत) सेकंदभर टिकतं, म्हणजे दिशा बरोबर दिसते. नुसत्या कागदावर हे कळलं नसतं.

न्यूट्रॉनवाला:
आणि ते बर्केलियम मुद्दाम नाही हो बनवलं, कॅलिफोर्नियम काढताना जोडीला निघालं. तेलविहिरीवाल्यांच्या मालातलंच म्हणा ना.

खडूस काका:
बर्केलियम जोडीला निघालं असेल, दुब्नाचा प्रवेगक, म्हणजे अणुकेंद्रं वेगाने आपटवणारं यंत्र, नाही निघाला. तो महिनोन्महिने चालवायला वीज लागते, माणसं लागतात. त्याचं बिल तेलविहिरीवाले भरणार का?