उत्तर: सचिवांच्या पत्त्यावरून आलेली झिप उघडू नका

खजिनदार:
मंडळी, काल रात्री सचिवांच्या पत्त्यावरून आलेली ती झिप फाइल कुणीही उघडू नका. इतिवृत्ताच्या जुन्या मेललाच उत्तर म्हणून आली आहे, म्हणून खरी वाटते. सचिवांना फोन केला, त्यांनी काहीही पाठवलेलं नाही. आजपासून आपल्या मेलिंग लिस्टवर अटॅचमेंट बंद, फक्त लिंक पाठवायची.

मॉडरेटर:
लिस्टच्या सेटिंग्ज मी बघतो. बंद-चालू समितीत ठरू द्या, परस्पर जाहीर करू नका, ही विनंती. शिवाय लिंक म्हणजे सुरक्षित असं कुठे आहे? लिंकवर दिसणारे शब्द एक आणि आतला पत्ता भलताच असू शकतो. फोनवर लिंक दाबून धरली की खरा पत्ता दिसतो. तो पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत (/) बघायचा आणि तिथून उलटा, उजवीकडून डावीकडे वाचायचा. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही चिकटवू शकतं, मालक कोण ते त्या रेघेच्या लगेच आधीच्या शब्दांवरून कळतं.

वहिनी:
पण झिपचा पासवर्ड मेलमध्येच दिला होता. मला वाटलं, एवढी काळजी घेतली आहे म्हणजे खरीच असणार.

मॉडरेटर:
वहिनी, ते कुलूप आपल्यासाठी नसतंच. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत काय आहे ते मेल सर्व्हरच्या तपासणीला दिसत नाही, म्हणून लावतात. जुन्या मेलला उत्तर म्हणून घुसायचं, सोबत अशी झिप द्यायची, हे इमोटेट नावाचा व्हायरस पसरवणाऱ्या टोळीने वर्षानुवर्षं केलं. २०२१च्या जानेवारीत पोलिसांनी त्यांचं जाळं मोडलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत आलं.

काका:
२००० सालच्या मे महिन्यात मी ऑफिसात होतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून प्रेमपत्राची मेल आली. फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, असं दिसत होतं; त्यापुढचं व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, हे विंडोजने लपवलं होतं. मी उघडली, आणि माझ्या यादीतल्या सगळ्यांना माझ्या नावाने तीच गेली. विंडोज अजूनही शेपूट लपवतं. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, आजच करा.

एक सभासद:
काका, माझ्याकडे मॅक आहे. मला काळजी नाही ना?

मॉडरेटर:
आहे. या झिपमध्ये एचटीएमएल फाइल निघाली. ती ब्राउझरमध्ये उघडते आणि हुबेहूब लॉगिनचं पान दाखवते. पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करून देता, मशीन कुठलंही असो.

ताई:
मी उघडायच्या आधी उत्तर पाठवून विचारलं होतं, “तुम्हीच पाठवली का?” दोन मिनिटांत “हो, बघून घ्या” असं आलं. मग मी उघडली आणि त्या लॉगिनच्या पानावर माझा मेलचा पासवर्ड टाकला. आता काय करू?

खजिनदार:
म्हणूनच म्हणतो, अटॅचमेंट बंद करा!

सचिव:
ताई, ते उत्तर मी दिलेलं नाही. गेल्या आठवड्यात मीच अशा एका पानावर पासवर्ड टाकला होता, म्हणून माझं खातं त्यांच्या हाती गेलं. आज सेटिंग्ज उघडल्या तर मी न केलेला एक फिल्टर सापडला. ‘झिप’ किंवा ‘पाठवली’ हे शब्द असलेली मेल परस्पर कचऱ्यात जात होती. तुमचा प्रश्न मला दिसलाच नाही, तो त्यांनी वाचला. विचारायचं तर फोन करून, आणि नंबर आपल्या जुन्या यादीतला घेऊन. त्या मेलखाली दिलेला नको.

तुम्ही आत्ता दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. मग फिल्टर आणि फॉरवर्डिंग (तुमची मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जाते का) बघा. मी आधी फक्त पासवर्ड बदलून थांबलो होतो, फिल्टर तसाच चालू राहिला.

आणखी कुणी उघडली असेल तर मला फोन करा. इथे लिहायला संकोच वाटत असेल तरीही करा. संध्याकाळी मी घरीच आहे.

मॉडरेटर:
सचिवांचा पत्ता तूर्त लिस्टवर थांबवला आहे. अटॅचमेंटचं समितीत बघू.