डिफरन्शियलचा आवाज: आधी डाग बघा

खानापूरकर दादा, नवी बेअरिंगं घालूनही चोर्ला घाट चढताना जीपचं मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) रडतंय, आणि मेस्त्री म्हणतोय बॅकलॅश, म्हणजे आतल्या दातांमधली मोकळी जागा, अजून कमी करू. करू देऊ नका. नव्या बेअरिंगची जाडी जुन्यापेक्षा केसभर वेगळी निघाली की पिनियनची खोली, म्हणजे हा छोटा गिअर क्राउनमध्ये (त्यानं फिरणाऱ्या मोठ्या गिअरमध्ये) किती आत बसतो ते, बदलते; ती बॅकलॅश आवळून जागेवर येत नाही.

क्राउनच्या पाच-सहा दातांना मार्किंगचा निळा रंग पातळ फासा. क्राउनला फडक्यानं थोडं अडवून धरा आणि पिनियन दोन्हीकडं फिरवा. दात जिथं टेकतात तिथं रंगात डाग उठतो. तो दाताच्या बुडाशी पडला तर पिनियन क्राउनकडं जास्त सरकलाय, त्याच्या डोक्यामागची शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) कमी करा. शेंड्याला पडला तर वाढवा. मग डायल गेजनं (काट्याचं बारीक मोजमापाचं यंत्र) बॅकलॅश मोजा. बऱ्याच गाड्यांना ०.१५ ते ०.२० मिमी चालतो, पण आकडा मॅन्युअलचाच धरा, आणि क्राउन फिरवून चार ठिकाणी मोजायला लावा. (घाईतले मेस्त्री एकाच जागी मोजतात, बेळगावची औद्योगिक वसाहत उद्यमबाग असो की गल्ली.)

पिनियनला चेपणारा स्पेसर (नट आवळताना दबणारी नळी) असेल आणि नट जास्त आवळला गेला, तर नट ढिला करून भागत नाही, स्पेसर नवाच घालायचा. दात खाल्लेले दिसले तर क्राउन-पिनियन जोडीनंच घ्या.