ब टीमबद्दल थोडं

एकानं लिहिलंय की गावच्या क्रिकेट क्लबची ब टीम, म्हणजे सीनियरच्या खालची दुसरी टीम, म्हणजे उरलेल्या पोरांची सोय. मला हे अजिबात पटत नाही.

सांगली जिल्ह्यात तासगाव भागातल्या आमच्या गावची ब टीम मी यंदा हंगामभर जवळून पाहिली. सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, टेनिस बॉलवर वाढलेली. मॅटवर, म्हणजे पिचवर अंथरलेल्या चटईवर, लेदर बॉल उसळला की मागंच सरकायची. पहिले चार सामने सरळ हरली. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आणि द्राक्षांची काढणी एकदमच आली, एका रविवारी नऊच जण उतरले. पण त्याच दिवशी आमच्या कीपरनं, मोठ्या भावाचे ढगळ ग्लोव्हज मनगटाला सुतळीनं आवळून, लेगसाइडला काय स्टंपिंग केलं! अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटच्या तीनपैकी दोन सामने जिंकले. निकालापेक्षा मला मोठं वाटतं ते हे, की आमचा डावखुरा ओपनर आता पुढचा पाय टाकून सरळ बॅटनं खेळतो.

भारताचे माजी कप्तान विजय हजारे जन्मले सांगलीत, स्मृती मानधना घडली सांगलीत. या पोरांना सीनियरच्या बेंचवर बसवू नका, त्यांचे सामने त्यांना खेळू द्या. दिवाळीआधी नवी मॅट घ्यायची आहे, माझा वाटा मी देतोय.