सोनोग्राफीत लिव्हरच्या शिरा दिसंनात आणि गाठी आल्यात, डॉपलर कशाला सांगितलाय?

राजारामपुरी_९वी_गल्ली:
मंडळी जरा मदत करा. वहिनीचं (वय २९) पोट बरेच दिवस फुगायलंय, उजवीकडं दुखतंय, आम्ही ॲसिडिटी समजून गोळ्या देत होतो, आता सोनोग्राफी केली तर हिपॅटिक व्हेन्स दिसत नाहीत, कॉडेट लोब (लिव्हरचा एक भाग) मोठा, पोटात पाणी, लिव्हरमध्ये बारीक गाठी असं आलंय आणि खाली बड-कियारी लिहून पुढं प्रश्नचिन्ह. आता डॉपलर करा म्हणतात. एकदा सोनोग्राफी झाली की मग परत का? आणि गाठी म्हणजे कॅन्सरच का ओ? आई जेवंना झालीया.

प्रोब_आणि_जेल:
भावा आधी आईला जेवायला घाल. रेडिओलॉजी शिकतोय म्हणून सांगतो. साध्या सोनोग्राफीत शीर दिसती, पण तिच्यातनं रक्त वाहतंय का आणि कुठल्या दिशेनं, ते डॉपलरवर कळतं. लिव्हरमधनं रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरा तीन, त्या वर जाऊन आयव्हीसीला, म्हणजे हृदयाकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला मिळतात. ही वाट कुठं बंद झाली की त्यालाच बड-कियारी म्हणतात. पंचगंगेचं पाणी पुढं सरकंना झालं की मागं गावात शिरतं का नाही, तसंच हे, रक्त तुंबतं, लिव्हर सुजतं, पोटात पाणी साठतं. चांगल्या शिरेचा ग्राफ हृदयाच्या ठोक्याबरोबर वरखाली होतो, ब्लॉक असला की सपाट, नाहीतर उलटा, नाहीतर काहीच नाही. कॉडेट लोबच्या बारक्या शिरा थेट आयव्हीसीत जातात म्हणून तो वाचतो आणि फुगतो, तुमच्या रिपोर्टमधली ही ओळ लय महत्त्वाची. आयव्हीसी नीट बघायला सांगा, आपल्याकडं तिथंच पडदा किंवा अरुंद भाग बऱ्याच पेशंटमध्ये सापडतो आणि तो फुगा घालून, स्टेंट टाकून उघडता येतो.

गडहिंग्लजची_ताई:
माझ्या बहिणीला हेच होतं. गाठींचं ऐकून आम्हीपण रडारड केलेली, पण या आजारात रक्तपुरवठा कमीजास्त झाला की लिव्हर स्वतःच साध्या गाठी तयार करतं. गोची अशी की त्या सीटीत सुद्धा कॅन्सरसारख्या चमकू शकतात, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर कुणी कॅन्सर म्हटलं तर लगेच मानू नका आणि नाही म्हटलं तरी निवांत बसू नका. तिचं एमआरआय, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी), शेवटी एका गाठीची बायोप्सी झाली, साधी निघाली. दर सहा महिन्यांनी बघतात. वहिनी पाळी पुढं ढकलायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना सांगाच.

तांबडा_रस्सा:
आमच्या गावात एकजण लिव्हरचा काढा देतो, नंबर देऊ काय?

प्रोब_आणि_जेल:
नको रे बाबा. पेशंटला रक्त पातळ करायची औषधं लागतील, त्यात काढा घातला की आयएनआरचा (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणाऱ्या टेस्टचा) घोळ. रक्त घट्ट का होतंय ते पण शोधतात, जेएके२ वगैरे टेस्ट असतात, पोटाच्या डॉक्टरांना विचारा.

राजारामपुरी_९वी_गल्ली:
आभारी आहे सगळ्यांचा. गोळ्यांचं विचारलं, पाळीच्या घेत होती म्हणे, कुणाला बोललीच नव्हती. उद्या डॉपलरला उपाशी न्यायचं का?

प्रोब_आणि_जेल:
हो, सहा तास, गॅस असला की काय दिसत नाही. चालू गोळ्यांचं तेवढं सेंटरला विचारून घ्या. जुनी फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या. रक्ताची उलटी, काळी शी किंवा बडबडायला लागली तर डॉपलरची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.