दूध अनुदानाचा पुढचा रुपया खात्यावर हवा की गोठ्यावर?

माळावरचा (निपाणी तालुका)

सहकारी सोसायटीला दूध घालणाऱ्याला कर्नाटक सरकार लिटरमागे अनुदान देतं. २००८ साली ते २ रुपये होतं, २०१३ला ४ झालं, पुढं ५. आता ते आणखी वाढवा असं आमच्या बेळगाव जिल्ह्यात जो तो म्हणतोय. माझं मत उलटं आहे आणि गावात ते बोललं की लोक चिडतात, म्हणून इथं सविस्तर लिहितो. वाढीचा जो काही रुपया यायचा असेल तो खात्यावर जमा करू नका. आपल्या पट्ट्यातल्या वैरणीवर संशोधन करायला, आणि ते गोठ्यापर्यंत घेऊन येणारी माणसं नेमायला तो वापरा.

कारखान्यांची धुराडी पेटली की पुढचे चार-पाच महिने आमची जनावरं उसाच्या वाढ्यावर, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांवर असतात. स्वस्त पडतं, दारात मिळतं, जनावर आवडीनं खातं. पण वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं. ते पोटात कॅल्शियमला धरतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. प्रथिनं तर त्यात नावालाच. मग व्यालेली म्हस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली बसते, कान गार पडतात, डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियम देईपर्यंत घरदार जागं. ज्या उभ्या असतात त्यांचा माज मुका जातो, म्हणजे बाहेरून दिसत नाही, आणि भरलं तरी उलटतात, गाभण राहत नाहीत. माज येतो २१ दिवसांनी. तीनदा उलटली तर ६३ दिवस गेले. भाकड जनावराला दिवसाला १५० रुपयांची वैरण-पेंड धरली तर साडेनऊ हजारांच्या जवळ जातं. आणि दिवसाला १० लिटर देणाऱ्या गाईमागे एक रुपया वाढला, तर ३०० दिवसांच्या वेतात हाती येणार ३,००० रुपये.

वाढं किती द्यावं, त्यात लसूणघास किंवा चवळी किती मिसळावी, चुन्याची निवळी कधी पाजावी, आपल्या मातीत कुठला क्षार कमी, हे सगळं शोधता येतं, काही शोधलेलंही आहे. बेंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं त्या त्या भागाच्या कमतरतेप्रमाणे क्षारमिश्रणं तयार केली. धारवाडच्या चारा संशोधन केंद्रातून डीएचएन-६ हे नेपिअर जातीचं चाऱ्याचं गवत आलं. धारवाड आपल्याला काय लांब? पण माझ्या गावात त्याचं ठोंब कुणाच्या बांधावर नाही.

येळ्ळूरचा शेतकरी

दादा, वाढ्याचं जे लिहिलंय ते खरं आहे, आमच्याकडंही तेच चालतं. तरी मी तुमच्या विरोधात आहे. आधी दर. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा, कशाचाही भाव खाली आला नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला महिन्याच्या बिलातले चार-पाचशे रुपये म्हणजे पोराची फी. तो रुपया मला दिसतो, मोजता येतो, उशीर झाला तर सोसायटीत जाऊन विचारता येतो. विस्ताराच्या, म्हणजे माहिती गोठ्यापर्यंत पोचवण्याच्या नावानं गेलेला रुपया कुठं गेला हे मी कुणाला विचारू? गाडी, मंडप, पाहुण्यांचं जेवण, फोटो आणि पत्रक. हे बघत बघत माझी दाढी पिकली.

आणि पैसा हातात असला की शेतकरी आपणहून क्षारमिश्रण घेतो. नसला तर कितीही शहाणपण सांगा, तो वाढंच घालणार. त्याला कळत नाही असं समजू नका.

गोठा_डॉक्टर (अथणी तालुका)

मी पशुवैद्य आहे. येळ्ळूरच्या काकांचा राग मला मान्य, निष्कर्ष नाही. २०२२ला लम्पी, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग आला तेव्हाचं आठवा. आमच्या हातात शेळ्यांच्या देवीची लस होती, तीच टोचत सुटलो. लम्पीवरची स्वदेशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केल्याचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं होतं. हिसारच्याच संस्थेबरोबर बेंगळूरच्या कंपनीनं बनवलेल्या लसीला बाजाराचा परवाना मिळायला २०२५चा फेब्रुवारी उजाडला. प्रयोगशाळा आणि दावण यांच्यात हा जो पूल नाही, त्याला पैसा लागतो, आणि तो लिटरमागच्या अनुदानातून कधीच उभा राहत नाही. तिकडं लाळ्या-खुरकुताची लस २०१९पासून केंद्राच्या खर्चानं दारात येते, ती फुकट आहे म्हणून नव्हे, टोचणारा माणूस गोठ्यात येतो म्हणून पोचते.

२००३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पिकांची माहिती कुठून ना कुठून मिळणारी शेतकरी कुटुंबं ४० टक्के होती, जनावरांची माहिती मिळणारी जेमतेम ५. पाहणी जुनी आहे. माझ्या तालुक्यात फिरताना मला फार फरक जाणवत नाही. अथणी तालुक्यात कोकटनूरला आता पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना गळिताच्या हंगामात गावं वाटून द्या, वाढ्यावरच्या जनावरांचं रक्त तपासा, दोन हंगामांत आपल्या भागाचं उत्तर मिळेल.

खानापूरची सूनबाई

तुम्ही सगळे ऊसवाले. आमच्या जंगलाकडच्या गावांत ऊस थोडा, भाताचं पिंजर जास्त, आणि पावसाळ्यात चार महिने गोठा ओला. आमचा प्रश्न गोचिडांचा आणि खुरांचा. त्याच्यावर कोण शोध लावूलालंय?

दुसरं, धार आम्ही काढतो, शेण आम्ही काढतो, म्हस माजावर आली हे पहिल्यांदा आम्हाला कळतं. प्रशिक्षणाला मात्र सोसायटीच्या वहीत ज्याचं नाव तो जातो. तेही तालुक्याला, सकाळी अकराला, ऐन कामाच्या वेळेला. पत्रक मिळतं ते कन्नडमध्ये. माझ्या सासूबाई बाजारात कन्नड छान बोलतात, वाचता येत नाही. त्यांना मराठीत दोन ओळी दिल्या तर कुणाचं काय जातंय? गावातल्या गावात जनावरांची काळजी कशी घ्यायची ते सांगायला पशुसखी म्हणून बचत गटातल्या बायका नेमूलालेत, ते मला आवडलं. त्यांना नीट मानधन द्या. माळावरच्या दादांचा रुपया तिकडं जाणार असेल तर माझा हात वर.

पंढरपुरी_म्हैस

संशोधनाला माझा विरोध नाही, पण कशाच्या संशोधनाला? इतकी वर्षं पैसा गेला तो संकरित गाईत. आपल्या कृष्णाकाठाची स्वतःची गाय आहे, कृष्णा खोरे, आज ती शोधावी लागते. पंढरपुरी म्हैस आपल्या उन्हात, आपल्या कडब्यावर टिकते. कृत्रिम रेतनासाठी तिच्या चांगल्या रेड्यांचं वीर्य गावात मागितलं की मुऱ्हा जातीचं घ्या म्हणतात. आधी हे ठरवा, मग निधी मागा.

येळ्ळूरचा शेतकरी

सूनबाईंचं पटलं, डॉक्टरांचंही लम्पीचं पटलं. त्या साली आमच्या गल्लीत दावणी रिकाम्या झालेल्या मी बघितल्यात. पण एक गोष्ट कुणीच बोलेना. सीमेवरच्या कितीतरी गावांचं दूध कोल्हापूरकडच्या संघांना किंवा खासगी डेअरीला जातं. त्यांना कर्नाटकचे ५ रुपये नाहीत. महाराष्ट्रानं २०२४ला गाईच्या दुधाला ५ आणि मग ७ रुपये दिले, ते तिकडच्या शेतकऱ्यांना. आमचा माणूस दोन्हीकडून गेला. त्याला आधी दरात धरा.

माळावरचा (निपाणी तालुका)

काका, हाच तर माझा मुद्दा आहे. अनुदान विचारतं, दूध कुठल्या कॅनमध्ये ओतलं. गावातली पशुसखी ते विचारणार नाही. तिच्या वहीत म्हस असेल, संघ नसेल. ५ रुपये काढून घ्या असं मी म्हणत नाही, ते राहू देत. वाढीचा जो रुपया येईल त्याचा खर्च सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवायचा: किती वैरण तपासली, किती म्हशी बसल्या, किती पहिल्या भरणीला गाभण राहिल्या. गोचिडांचा विषय खानापूरसाठी वेगळा धरायचा.

येळ्ळूरचा शेतकरी

अर्धा रुपया. उरलेला अर्धा बिलात. आणि एका सालात सभेत आकडे वाचले नाहीत तर तोही परत बिलात. याच्या पुढं मी येणार नाही.